वहीच्या माथ्यावरची चार अक्षरं

पत्र असो की वही, आपल्याकडे वर आधी ‘श्री’ लिहिण्याची रीत. ख्रिस्ती जेझुइट शाळांतली मुलं पानाच्या माथ्यावर लिहीत ए.एम.डी.जी.! ‘आद मायोरेम देई ग्लोरियाम’, म्हणजेच ‘देवाच्या अधिक गौरवासाठी’. संत इग्नेशियस लोयोला यांनी स्थापलेल्या, १५४० मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या येशूसंघाचं हे लॅटिन ब्रीद. त्यातली खरी मेख आहे ‘अधिक’ या शब्दात. वाईट टाळलं की संपलं, असं नाही. समोरच्या दोन चांगल्या गोष्टींतली अधिक चांगली कोणती, हे रोज स्वतःला विचारायचं. ही अक्षरं फक्त धर्मशिक्षणाच्या वहीवर नसत, गणिताच्याही असत. म्हणजे त्रैराशिकही प्रार्थनेइतकंच मन लावून सोडवायचं. आणि अशा पानावर शेजाऱ्याचं उत्तर उतरवायचं झालं तर? हात थोडा तरी अडखळणारच!