विश्लेषण : साठीनंतर ताकद टिकवायची, तर रोवणीच्या दिवसांतही व्यायाम का सोडू नये?

सडक अर्जुनी तालुक्यात वर्षाचे वेळापत्रक धान ठरवते. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, दिवाळीच्या आसपास कापणी, मग मळणी आणि गावोगावची मंडई. हिवाळ्यात उत्साहाने सुरू झालेला व्यायाम या धांदलीत सुटतो, तो पुन्हा सुरू व्हायला अनेकदा पुढचा हिवाळा उजाडतो. तरुणपणी असा खंड लवकर भरून निघतो. साठीनंतर मात्र तो महागात पडू शकतो.

वयानुसार स्नायूंचे काय होते?

तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. अमेरिकी संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये या झिजेला ‘सार्कोपेनिया’ असे नाव दिले. स्नायूंच्या आकारापेक्षा ताकद अधिक वेगाने घटते. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागणे, पायरी चढताना कठडा धरणे, बांधावर तोल जाणे ही त्याची घरगुती लक्षणे. साधी चाचणीही आहे. हात छातीशी घडी करून खुर्चीवरून सलग पाच वेळा उठा-बसायला १२ सेकंद किंवा त्याहून अधिक लागत असतील, तर आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार तो सावध होण्याचा इशारा आहे.

शेतात राबणाऱ्यांना वेगळा व्यायाम कशाला?

रोवणीचे काम कष्टाचेच आहे. पण त्यात वाकून, हलक्या भाराची तीच हालचाल तासन् तास होते. त्यातून दमसास वाढतो आणि कंबरही भरून येते. ताकद वाढायला मात्र कमी आवर्तने, जास्त भार आणि तो भार हळूहळू वाढवत नेणे लागते. शिवाय हे काम हंगामी आहे. ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर आल्याने अंगमेहनत कमी झाली आहे. शेती मुलाच्या हाती सोपवलेल्या किंवा महामार्गालगत दुकान चालवणाऱ्या ज्येष्ठांना तर तेवढाही भार मिळत नाही.

उशिरा सुरुवात केली तर उपयोग होतो का?

होतो. १९९० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वृद्धाश्रमातील, सरासरी नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा भारी वजनाचा व्यायाम देण्यात आला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. पण व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत कमाल ताकद ३२ टक्क्यांनी घटली. वाढलेली ताकद टिकवायची, तर सातत्य हवे.

कामाच्या दिवसांत किमान किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा. पासष्टीपुढे तोल आणि ताकद दोन्हींचा सराव तीन दिवस करावा. रोवणीत हे जमत नसेल, तर आठवड्यातून एक दिवस तरी सोडू नये. अलाबामातील २०११ च्या अभ्यासात १६ आठवडे नियमित व्यायाम केलेल्यांनी पुढचे ३२ आठवडे तो आठवड्यातून एकदाच केला. तरुण आणि ६० ते ७५ वयोगट, दोघांचीही ताकद बहुतांशी टिकली. ज्येष्ठांच्या स्नायूंचा आकार राखायला मात्र तेवढे पुरले नाही. म्हणजे एक दिवस हा तात्पुरता टेकू आहे. कामे आवरली की पुन्हा दोन-तीन दिवसांवर यायला हवे.

जिमशिवाय काय करता येईल?

खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला हात टेकून दंड, टाचा उचलणे, पायरीवर चढ-उतार आणि दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन चालणे, हे पाच प्रकार पुरेसे आहेत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे भार मोजून वाढवता येतो. प्रत्येक प्रकाराची ८ ते १२ आवर्तने, दोन फेऱ्या. शेवटची दोन आवर्तने जड जायला हवीत. बारा सहज झाली की भार वाढवावा. सातत्यासाठी वार ठरवून ठेवणे आणि केलेली आवर्तने दिनदर्शिकेवर लिहिणे उपयोगी पडते. एक वार चुकला, तर दुसऱ्या दिवशी करावा. दुप्पट करून भरपाई करू नये.

आहार आणि काळजी?

भातप्रधान जेवणात प्रथिने कमी पडू शकतात. ज्येष्ठांसाठी अनेक तज्ज्ञ वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवतात. ६० किलो वजनाला ती ६० ते ७२ ग्रॅम होतात. तूरडाळ, हरभरा, दूध, अंडी आणि तलावातील मासळी हे हाताशी असलेले स्रोत. मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. भार उचलताना श्वास रोखू नये. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असेल, तर आधी तपासणी करून घ्यावी. छातीत दुखणे, चक्कर किंवा सांध्यात तीव्र कळ आली, तर लगेच थांबावे. दुसऱ्या दिवशी स्नायू थोडे दुखणे मात्र स्वाभाविक आहे, त्यासाठी व्यायाम सोडण्याचे कारण नाही.