तीन कुंड्यांचा कायदा आणि दिव्याखालचे झाड

जर्मनीत १ एप्रिल २०२४ रोजी अमलात आलेल्या कायद्याने अठरा वर्षे पूर्ण केलेल्या आणि त्या देशात किमान सहा महिने वास्तव्य असलेल्या व्यक्तीला स्वतःच्या वापरापुरती, राहत्या घरी, एका वेळी गांजाची तीन झाडे वाढवण्याची मुभा दिली. युरुग्वेने २०१३ च्या कायद्यान्वये सहा, कॅनडाने २०१८ मध्ये घरामागे चार आणि माल्टाने २०२१ मध्ये चार झाडांची मर्यादा याआधीच घालून दिली होती. त्यामुळे जर्मनीचे पाऊल पहिले नव्हते. मात्र जेथे शरद ऋतूतच ऊन विरळ होते आणि निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्या घरांत राहतात, अशा देशात ही मुभा मिळाल्याने पुष्कळ ठिकाणी हे झाड बागेऐवजी खोलीतल्या कपाटात, विजेच्या दिव्याखाली आले. बंद खोलीत बियांपासून ते कसे वाढते हे ठाऊक नसेल, तर या कायद्यातील आकड्यांचा अर्थ लागत नाही.

लिनीअसने १७५३ मध्ये ज्याला ‘कॅनाबिस सटायव्हा’ असे शास्त्रीय नाव दिले, त्या एकाच वर्षायू वनस्पतीपासून भांग, गांजा आणि चरस हे तिन्ही पदार्थ मिळतात. भांग म्हणजे मुख्यतः पाने, गांजा म्हणजे मादी झाडाचा फुलोरा आणि चरस म्हणजे त्या फुलोऱ्यावरची राळ. पपईप्रमाणे या वनस्पतीतही नर आणि मादी झाडे सामान्यतः वेगवेगळी असतात. परागवहन वाऱ्याने होते, म्हणून नर झाडावर फुले मुबलक येत असली तरी ती दिखाऊ नसतात. मादी फुलांच्या भोवतालच्या छदांवर, म्हणजे फुलाला बिलगलेल्या लहान पानांवर, देठ असलेल्या सूक्ष्म ग्रंथी असतात आणि त्यांतच राळ साठते. मादक परिणाम घडवणारे टीएचसी हे द्रव्य १९६४ मध्ये इस्रायलमधील गाओनी आणि मेशुलम यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ताज्या फुलोऱ्यात ते बहुतांशी आम्लरूपात असते आणि उष्णता मिळाल्यावरच त्याचे मादक रूपांतर होते.

ठिपकेदार कवचाचे, मिरीच्या दाण्याहून लहान असे हे बी ओलावा आणि ऊब मिळताच साधारणतः दोन ते सात दिवसांत रुजते. प्रथम दोन गुळगुळीत बीजपत्रे उघडतात, त्यानंतर करवती कडांची एकेका पर्णिकेची जोडी येते, मग तीन, पाच, सात पर्णिकांची हातासारखी पाने फुटू लागतात. इथवर बागकामाचा अनुभव असलेल्या कोणालाही नवे वाटावे असे काही नाही. नवख्या माणसाच्या हातून रोप मरते ते बहुधा दुर्लक्षाने नव्हे, तर अतिकाळजीने: माती वरून कोरडी होण्याआधीच पुन्हा पाणी घातल्याने मुळांना हवा मिळत नाही आणि कोवळा बुंधा जमिनीलगत कुजतो. दिवा फार उंच टांगला असेल, तर प्रकाश गाठण्याच्या ओढीने खोड बारीक आणि लांबुडके होऊन आडवे पडते.

खरे वेगळेपण पुढे, प्रकाशाच्या घड्याळात आहे. ही ‘लघुदिवसी’ वनस्पती आहे, म्हणजे दिवस लहान व रात्र मोठी झाल्याखेरीज तिला बहर येत नाही. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ज्युलियन तुर्न्वा यांनी पहिल्या महायुद्धाच्या अगोदर हॉप आणि याच वनस्पतीवर प्रयोग करताना, थोडा वेळच उजेड मिळालेली रोपे अवेळी फुलतात हे टिपले होते. ते युद्धात मारले गेले, आणि दिवस-रात्रीच्या लांबीनुसार फुलण्याच्या या गुणधर्माचा सविस्तर सिद्धान्त १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अॅलार्ड यांच्या तंबाखूवरील संशोधनातून मांडला गेला. पानांतील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य प्रत्यक्षात दिवस नव्हे, तर अखंड काळोखाची लांबी मोजते. म्हणून घरात झाड वाढवणारे लोक प्रारंभी दिवसाला अठरा तास दिवा लावून केवळ पाने-फांद्या वाढू देतात आणि मग बारा तास उजेड, बारा तास अंधार असे वेळापत्रक करून, बाहेर कोणताही ऋतू असो, झाडापुढे शरद ऋतू उभा करतात. या अंधारात दाराच्या फटीतून आलेली तिरीपही चालत नाही; रात्र वारंवार मोडली तर बहर लांबतो, आणि कधी कधी ताणाखालच्या मादी झाडावर नर फुलेही येतात. मध्य आशिया व रशियाकडील ‘रुडेरॅलिस’ या खुरट्या प्रकाराशी संकर केलेल्या जाती मात्र रात्रीची वाट न पाहता वयानुसार फुलतात, आणि म्हणूनच नवशिक्यांमध्ये त्या लोकप्रिय आहेत.

फुलू लागलेले झाड नर निघाले तर ते काढून टाकतात, कारण परागकण मिळताच मादी झाडाची शक्ती राळेऐवजी बी भरण्यात खर्च होते. हे ज्ञान आधुनिक प्रयोगशाळेतले नाही. आज बांगलादेशात असलेल्या नौगाव भागात एकोणिसाव्या शतकात सरकारी परवान्याने गांजाची शेती होत असे आणि उभ्या पिकातून नर झाडे ओळखून उपटण्यासाठी ‘पोद्दार’ नावाचा जाणकार मोल देऊन बोलावला जाई. शेतकरी आपल्या पिकाचे भवितव्य त्याच्या नजरेवर सोपवत, याची नोंद १८९३-९४ च्या इंडियन हेंप ड्रग्ज कमिशनच्या कामकाजात आहे. आज पोद्दाराचे काम बियाणे कंपन्या आधीच उरकतात. मादी झाडावर चांदीच्या क्षाराची फवारणी करून त्यातील इथिलीन या संप्रेरकाचे कार्य रोखले की त्यावर नर फुले येतात. त्या परागात केवळ एक्स गुणसूत्र असल्याने पुढचे बियाणे जवळपास सगळे मादी निपजते.

बहर सुरू झाल्यापासून फुलोरा पिकेपर्यंत साधारणतः आठ ते दहा आठवडे जातात. या काळात गच्च फुलोऱ्यात ओल साचली तर करड्या बुरशीने आतून कूज सुरू होते आणि बाहेरून ती उशिरा दिसते, म्हणून पंखा व वायुवीजन ही इथे चैन ठरत नाही. खर्चाचा हिशेबही लहान नाही. दीडशे वॉटचा एक दिवा चार आठवडे रोज अठरा तास आणि नऊ आठवडे रोज बारा तास जळाला, तर सुमारे १९० युनिट वीज लागते. जर्मनीतील युनिटमागे तीस सेंटच्या पुढचे घरगुती दर पाहता, नुसता दिवाच साठ युरोंच्या आसपास पडतो. शिवाय फुलोऱ्याचा उग्र वास भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला कळतो. जर्मन कायद्याने शेजाऱ्यांना अवाजवी उपद्रव होऊ न देण्याची, तसेच झाडे आणि पीक मुलांच्या हाती लागणार नाही अशा रीतीने ठेवण्याची जबाबदारी वाढवणाऱ्यावरच टाकली आहे.

या कायद्यातला सर्वांत कच्चा दुवा मात्र वजनाचा आहे. घरात वाळवलेला माल ५० ग्रॅमपर्यंत ठेवता येतो आणि त्यापुढचा नष्ट करावा लागतो. पण चांगल्या प्रकाशात वाढलेली तीन झाडे याहून किती तरी अधिक देऊ शकतात. झाडे मोजणे सोपे म्हणून कायद्याने झाडे मोजली आणि उत्पन्न आवरण्याचे काम नागरिकाच्या सचोटीवर सोडले. कुंड्यांची संख्या आणि ग्रॅमची मर्यादा परस्परांशी जुळवली असती, तर नियम अधिक प्रामाणिक झाला असता.

भारतात स्थिती अगदी उलट आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने, म्हणजे एनडीपीएसने, गांजाची व्याख्या फुलोऱ्यापुरती केली आहे आणि फुलोऱ्यासोबत नसलेली पाने व बिया त्यातून वगळल्या आहेत. त्यामुळेच भांगेचे नियमन राज्यांच्या कायद्यांकडे राहिले, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये या बियांना व त्यांच्या तेलाला अन्न म्हणून मान्यता दिली. मात्र लागवडीच्या कलमात फुलोरा, वजन किंवा संख्या यांचा उल्लेख नाही. उत्तराखंडाने दिला तसा धागा आणि बियांच्या औद्योगिक लागवडीचा सरकारी परवाना नसेल, तर कलम २० नुसार कोणतेही झाड लावणे हा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. कापसाच्या किंवा उसाच्या आड लावलेले शेत आणि गॅलरीतील एक कुंडी यांत हे कलम फरक करत नाही. बियांची पुडी कायदेशीर म्हणून ती रुजवणेही कायदेशीर, हा समज चुकीचा आहे. बर्लिन वा म्युनिकमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाला तेथील तीन झाडांची मुभा लागू होत असली, तरी त्या झाडांचा वाळवलेला फुलोरा सामानातून मुंबईच्या विमानतळावर आणणे हा भारतीय कायद्याने आयातीचा गुन्हा ठरतो.