नखांवरचे खड्डे आणि सुजलेले बोट

मुंबई-गोवा महामार्गावर पेण मागे टाकले की वडखळ नाका येतो. येथून एक रस्ता अलिबागकडे फुटतो. या नाक्याजवळच्या एका शाळेत गणित शिकवणारे एक गुरुजी मध्यंतरी आम्हाला भेटले. त्यांची तक्रार साधी होती : खडू धरता येत नाही. उजव्या हाताची तर्जनी मुळापासून टोकापर्यंत सारखीच फुगली होती. सकाळी तासभर बोटे वळत नसत. पहिली पावले टाकताना टाचा ठणकत.

तोवर दीड वर्ष गेले होते. आधी कोणी म्हणाले, चिकनगुन्याचे मागे राहिलेले दुखणे. मग युरिक आम्ल थोडे वाढलेले निघाले, म्हणून गाउट. शेवटी रक्तातील 'आर. ए. फॅक्टर' नाही, तेव्हा संधिवातच नाही, असा निर्वाळा मिळाला. आम्ही वैद्य नव्हे. प्रयोगशाळेत पेशींवर काम करणारे. पण गुरुजींची नखे पाहून थबकलो. शिवणकामाच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे नखांवर होते. कोपरावर काही चट्टे आहेत का, असे विचारले तेव्हा त्यांनी जरा संकोचाने बाही वर केली. लालसर चट्टा, त्यावर चंदेरी खपल्या. हा सोरायसिस. पालक काय म्हणतील म्हणून कित्येक वर्षे त्यांनी तो झाकून ठेवला होता आणि सांधे तपासणाऱ्या कोणालाही दाखवला नव्हता. सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही, हे येथेच सांगून ठेवतो.

त्वचेचा हा विकार असलेल्या पाचांपैकी साधारण एकाला सांध्यांचा दाह होतो. त्याला सोरायटिक संधिवात म्हणतात. बहुतेकांना चट्टे आधी येतात आणि सांधे कित्येक वर्षांनी धरतात. सुमारे 15 टक्के रुग्णांत मात्र क्रम उलटा असतो. हा स्वतंत्र आजार आहे, हे अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 1964 मध्ये मान्य केले. त्याचे नेमके वर्णन इंग्लंडमधील लीड्सच्या मोल आणि राइट यांनी 1973 मध्ये केले.

पण नखाचा आणि सांध्याचा संबंध काय? आपले बोट सरळ करणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, टोकाच्या पेराला चिकटते. तिचे तंतू तेथेच संपत नाहीत. ते पुढे नखाच्या मुळापर्यंत पोचतात. म्हणून या जोडाला दाह झाला की नख आणि टोकाचा सांधा दोन्ही बिघडतात. हाच प्रकार टाचेत, जेथे घोटशीर हाडाला मिळते तेथे होतो. नेहमीच्या आमवातात (ऱ्हुमॅटॉइड) बोटांचे टोकाचे सांधे सहसा सुटतात, आणि आर. ए. फॅक्टरही बहुधा त्याच आजारात सापडतो. म्हणजे ही चाचणी 'नाही' आली, तरी सोरायटिक संधिवात नाही असे होत नाही. गाउटचा घोटाळाही समजण्याजोगा आहे : सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी महिन्याऐवजी काही दिवसांतच तयार होऊन झडतात, आणि त्या उलाढालीत युरिक आम्ल वाढू शकते.

मुळात ही आपल्याच प्रतिकारयंत्रणेची चूक आहे. शत्रू नसताना तिच्या पेशी टी. एन. एफ., इंटरल्युकिन-17 अशी दाह पेटवणारी रेणूरूपी निरोपपत्रे सोडत राहतात. आनुवंशिकतेचा त्यात वाटा आहे, पण सर्वस्वी नाही.

आपल्याकडे सगळ्या दुखण्यांना 'वात' हा एकच शब्द पुरतो, आणि अडचण तेथेच सुरू होते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघर पाहणी सुरू केली. सुमारे 4 हजार प्रौढांपैकी 18 टक्के लोकांना सांधे-स्नायूंची दुखणी होती. आमवात मात्र जेमतेम अर्धा टक्का लोकांना. म्हणजे अंगदुखीच्या मोठ्या ढिगातून सांधे खाणारे थोडे आजार वेगळे काढावे लागतात. ओळखायची एक साधी खूण : झिजेचे दुखणे श्रमाने वाढते आणि विश्रांतीने कमी होते. दाहाचे दुखणे पहाटे जास्त असते, अर्ध्या तासाहून अधिक ताठरपणा राहतो आणि हालचालीने सैल होतो.

घाई कशासाठी? डब्लिनच्या 2015 सालच्या एका अभ्यासात, लक्षणे सुरू झाल्यावर तज्ज्ञाकडे पोचायला सहा महिन्यांहून अधिक उशीर झालेल्यांत हाडांची हानी आणि अपंगत्व जास्त दिसले. झिजलेले हाड औषधाने परत येत नाही.

वेदनाशामक गोळ्या दुखणे आणि सूज कमी करतात; पण दाह मुळाशी आवरायला बहुधा मेथोट्रेक्सेट देतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने जीव गेल्याची उदाहरणे आहेत. सोबत फॉलिक आम्ल, ठरावीक काळाने रक्ताची व यकृताची तपासणी, दारू वर्ज्य. गरोदरपणात हे औषध चालत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी झटपट आराम पडतो, पण त्या एकदम थांबवल्या तर चट्टे उसळू शकतात. गावोगाव मिळणाऱ्या बिननावाच्या 'वाताच्या पुड्यां'बद्दल आम्हाला भीती वाटते ती यामुळेच.

एवढ्याने भागले नाही तर टी. एन. एफ.ला अडवणारी इंजेक्शने आहेत. लुधियानात जन्मलेले रवींदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी लंडनमध्ये आमवातावर केलेल्या कामातून हा मार्ग खुला झाला. त्यांतील अ‍ॅडॅलिमुमॅबची भारतीय आवृत्ती अहमदाबादच्या झायडसने 2014 च्या डिसेंबरात आणली. अजूनही ती स्वस्त नाहीत. शिवाय ती सुरू करण्यापूर्वी शरीरात दबलेला क्षय आहे का ते पाहावेच लागते, कारण टी. एन. एफ. अडवला की तो जागा होऊ शकतो.

वजन आटोक्यात आणल्याने सांध्यांवरचा भार आणि दाह दोन्ही कमी होतात. डोळा लाल होऊन दुखू लागला तर नेत्रतज्ज्ञाकडे लगेच जावे. हाच दाह डोळ्यातही उतरतो.

गुरुजी पुढे मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयातील संधिवात विभागात गेले. तर्जनीचे टोकाचे पेर आता पुरते वळत नाही; बाकीची बोटे वाचली. खडूला कागदाची जाड गुंडाळी करून ते फळ्यावर लिहितात. त्यांच्या घरच्या दिनदर्शिकेवर प्रत्येक रविवारी लाल पेनाने 'गोळी' असे लिहिलेले असते, आणि सोमवार ते शनिवारच्या चौकटींत फुली.