जगाचा भूगोल पाणचक्कीपासून सुरू करा!

नववी-दहावीच्या मुलांना भूगोलाचा गटप्रकल्प देताय? आधी त्यांना आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीवर न्या. डोंगरातलं पाणी पंपाशिवाय, निव्वळ उताराच्या जोरावर, जमिनीखालच्या नहरीतून इथे यायचं आणि दगडी जातं फिरवायचं. शहरात ही विद्या रुजवली ती इथिओपियात जन्मलेल्या मलिक अंबरने. १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवणारा तोच!

मग जमिनीखालून पाणी नेणाऱ्या अशाच नहरींवर चार गट करा : इराणचे कनात, ओमानचे अफलाज, चीनमधल्या तुर्पानचे कारेझ आणि आपली, मलिक अंबरची नहर-ए-अंबरी. प्रत्येक गटात कामं वाटून द्या : नकाशा, पर्जन्यमान, नहरीचा उभा छेद, आजची स्थिती.

प्रश्न मात्र सगळ्यांना एकच : पाणी जमिनीखालूनच का नेलं?

उत्तर लगेच सांगू नका. ॲटलास आणि पावसाचे आकडे समोर ठेवून मुलं स्वतः बाष्पीभवनापर्यंत पोचली, की तो धडा आयुष्यभर लक्षात राहतो.