दहावीनंतरची पहिली नोकरी : जळगाव-धुळ्यात ती मिळते कशी

दहावीचे पेपर मार्चच्या मध्यावर संपतात आणि निकाल लागतो मे महिन्यात. मधल्या काळात खानदेशात ऊन पंचेचाळीस अंशांकडे चाललेलं असतं, शाळा बंद असतात, आणि बाजारात मात्र वर्षातली सगळ्यात मोठी धांदल सुरू असते. लग्नसराई असते, त्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया येते. लेकी माहेरी येतात, घरोघरी साड्या, भांडी, सोनं यांची खरेदी निघते. दुकानदाराला याच दिवसांत माणसं कमी पडतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना पहिलं काम मिळायचं ते बहुतेक याच काळात, आणि त्यासाठी बायोडाटा वगैरे काही लागत नाही.

जळगावचं फुले मार्केट, गोलाणी मार्केट, दाणाबाजार किंवा धुळ्यातला आग्रा रोड फिरून पाहा. एखाद्या काचेवर ‘कामासाठी मुलगा पाहिजे’ अशी चिठ्ठी दिसेल. पण ती चिठ्ठी शेवटचा उपाय म्हणून लागलेली असते. आधी शेठ दुकानातल्या जुन्या माणसाला विचारतात, ‘तुमच्या गावाकडचं कोणी पोरगं आहे का?’ तो माणूस पुतण्याला, भाच्याला, शेजाऱ्याच्या पोराला आणतो. यात वशिला वाटला तरी त्यामागे हिशेब आहे. गल्ल्याजवळ वावरणाऱ्या पोराची हमी कोणीतरी घ्यावी लागते, आणि ती जुना नोकर घेतो. पोरानं चार दिवसांत दांडी मारली तर बोलणी त्यालाच बसतात. म्हणून काम शोधताना थेट मालकाकडे जाण्याआधी तिथं कामाला असलेलं ओळखीचं माणूस शोधावं. काका, मामा, गल्लीतला एखादा दादा, आधी शिकवलेले सर, कोणीही चालतं. हे विचारणं परीक्षा सुरू असतानाच उरकावं. आखाजी चार दिवसांवर आल्यावर गेलं, तर जागा भरलेल्या असतात.

कोणीच ओळखीचं नसेल तर सरळ दुकानात जावं, पण वेळ साधून. सकाळी दहा-साडेदहाला शटर वर गेलेलं असतं, अगरबत्ती लावून झालेली असते आणि गिऱ्हाईक यायचं असतं. तेव्हा शेठ दोन मिनिटं ऐकून घेतात. बोलायचं ते थोडक्यात : नाव, गाव, वडील काय करतात, दहावीचे पेपर झालेत, अमुक तारखेपर्यंत येऊ शकतो. ही शेवटची तारीख खरी सांगावी. पुढं कॉलेज सुरू होणार हे शेठला ठाऊक असतं. ‘कायमचा राहीन’ म्हणणाऱ्यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

आता दुकानात नेमकं काम काय असतं ते पाहू. साडीच्या दुकानात नव्या पोराला पहिले काही दिवस गिऱ्हाईकासमोर उभं करत नाहीत, घड्या घालायला बसवतात. लग्नाचा बस्ता बांधायला एक कुटुंब येतं, म्हणजे आई, काकू, मावशी, नवरीची मैत्रीण आणि कोपऱ्यात पिशव्या सांभाळत बसलेले वडील. पन्नास साड्या उलगडल्या जातात आणि दहा-बारा ठरतात. उरलेल्यांची घडी पुन्हा पहिल्यासारखी बसली पाहिजे. काठाला काठ जुळला पाहिजे, पदराची नक्षी वरच्या बाजूला आली पाहिजे, मधली हवा तळहातानं काढून साडी प्लास्टिकच्या पाकिटात न चुरगळता सरकली पाहिजे, आणि ती ज्या ढिगातली होती त्याच ढिगात गेली पाहिजे. चुकीच्या ढिगात गेलेली साडी गिऱ्हाईकासमोर सापडत नाही आणि विक्री जाते. हे करता करता पोराच्या कानावर सगळं पडत राहतं. सेल्समन पहिली साडी कोणत्या किमतीची काढतो, काकूला पसंत पडलं की आईकडे का पाहतो, ‘शेवटचा भाव’ किती वेळा शेवटचा असतो. पंधरवड्यानंतर त्याला ‘तो डाळिंबी काढ’ म्हटलं की शोधत बसावं लागत नाही. मेडिकल स्टोअर, भांड्यांचं दुकान, किराण्याचं होलसेल, सगळीकडे हेच. आधी माल कुठं आहे ते शिकायचं, मग भाव, मग माणूस.

इथं कायदा मधे येतो, आणि तो बहुतेक घरांत कोणालाच नीट माहीत नसतो. १९८६ चा बालमजुरीविरोधी कायदा २०१६ मध्ये सुधारला गेला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही दुकानात, हॉटेलात, कारखान्यात कामाला ठेवता येत नाही. शाळा सांभाळून घरच्या धंद्यात हात लावणं एवढीच मुख्य सवलत आहे, तीही काम धोक्याचं नसेल तर. चौदा ते अठरा या वयात काम करता येतं, पण बंधनं आहेत. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, त्यानंतर किमान एक तास विश्रांती, विश्रांती धरून दिवसाचे सहाच तास, आणि संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत अजिबात नाही. ओव्हरटाइम नाही, एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही, आठवड्याला एक सुट्टी हवीच.

आपल्याकडची दुकानं रात्री नऊपर्यंत उघडी असतात, आणि मे महिन्यात शहरातलं गिऱ्हाईक ऊन उतरल्यावरच बाहेर पडतं. म्हणजे शेठना माणूस हवा असतो नेमका तेव्हा, जेव्हा कायदा सोळा वर्षांच्या पोराला घरी पाठवतो. बरेच जण ‘चालतं हो’ म्हणून सोडून देतात. मला ते पटत नाही, कारण त्यातून बऱ्यापैकी मार्ग निघतो. बस्त्याची मंडळी खेड्यावरून येतात ती सकाळच्या एसटीनं, आणि दुपारनंतर परतीची गाडी धरतात. त्यामुळे सकाळी दहा ते चार ही पाळी बस्त्याच्या दुकानाला उपयोगी पडते. दुसरी पाळी एक ते सात : भर दुपारी गोदामातला माल लावायचा, किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, मधे तासभर जेवण आणि विश्रांती, आणि पाच ते सात गिऱ्हाईक. दोन्ही पाळ्या सहा तासांत बसतात. दुकानदाराला दोन पोरं अशा दोन पाळ्यांत मिळाली तर तोही फारसा कुरकुरत नाही.

काही कामं मात्र अठरापर्यंत बंद म्हणजे बंद. दिवाळीत फटाक्यांच्या स्टॉलवर चार दिवस बसायचं म्हणून पोरं खूश असतात, पण फटाक्यांचं उत्पादन, साठा आणि विक्री तिन्ही या वयाला मनाई असलेल्या यादीत आहेत. ज्वलनशील पदार्थ हाताळावे लागतात ती कामंही त्यातच आली. कापूस प्रेसिंगच्या यंत्रांपासून मुलांना दूर ठेवण्याची तरतूद तर १९४८ च्या कारखाने कायद्यातच होती. आपल्या कापसाच्या पट्ट्यात ती मुद्दाम सांगावी लागते. धोक्याच्या कामावर अल्पवयीन मुलाला ठेवणाऱ्या मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. मोटारसायकलवरून पार्सल पोचवण्याचं कामही विसरा. गिअरच्या गाडीचं लायसन्स अठराला मिळतं. सोळाव्या वर्षी मिळतं ते पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. अल्पवयीन पोराच्या हाती गाडी सापडली तर २०१९ पासून पालकाला किंवा गाडीमालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ‘शेठनीच गाडी दिली होती’ म्हणून पोराची सुटका होत नाही.

दुकानाखेरीज दुसरा मोठा दरवाजा केटरर्सचा. मंगल कार्यालयात वाढप्यांची टोळी लागते, आणि तिच्यात कॉलेजची पोरं-पोरी भरपूर असतात. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, तूप घेऊन पंगतीतून फिरायचं. पैसे कार्यक्रमावर मिळतात, बहुतेक त्याच दिवशी हातात पडतात, हे त्याचं आकर्षण. अठराच्या आतल्यांनी दुपारच्या पंगती धराव्यात. हळदीच्या रात्रीची कामं मोठ्यांची.

मुलींच्या बाबतीत घरचा पहिला प्रश्न कामाचा नसतो, परतीच्या गाडीचा असतो. एरंडोल, धरणगावकडून जळगावला यायचं किंवा साक्री, शिंदखेड्याहून धुळ्याला, तर पाळी गाडीच्या वेळेवरून ठरवावी. २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जाण्यायेण्याचा हिशेब थोडा जमतो. तरीही दोन्ही वेळचं भाडं पगारातून वजा करून पाहावं, कधी कधी हातात फारसं उरत नाही. अशा वेळी गावातच चौथी-पाचवीच्या मुलांच्या शिकवण्या किंवा फॉल-पिको ही कामं जास्त फायद्याची ठरतात.

पैशाचं बोलणं पहिल्याच दिवशी करायचं. आपल्याकडे ‘बघू, तू काम तर कर’ असं म्हणायची पद्धत आहे आणि पोरं लाजून गप्प बसतात. लाजू नये. ‘शेठ, रोजावर की महिन्यावर?’ हा प्रश्न कोणालाही उद्धट वाटत नाही. महिन्यावर असेल तर खाडा झाल्यास किती कापणार, पगार कोणत्या तारखेला, आणि पहिले पंधरा दिवस हातचे ठेवणार का, हेही विचारावं. काही ठिकाणी पोरगं मधेच पळू नये म्हणून असे पैसे मागे ठेवतात. ते शेवटी मिळणार हे एखाद्या तिसऱ्या माणसासमोर बोलून घ्यावं. उचल शक्यतो घेऊ नये. पहिल्याच आठवड्यात मोबाईलसाठी उचल घेतलेलं पोरगं मे संपला तरी सुटत नाही. रोज रात्री वहीत तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ लिहावी. वाद झाला तर ही वहीच कामाला येते. पगार खात्यात मागावा. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या नावानं बचत खातं उघडता येतं, तशी रिझर्व्ह बँकेची मुभा आहे.

हे झालं बाजाराचं. दुसरा रस्ता कागदाचा आहे. तो लांबचा आहे, आणि माझं स्पष्ट मत आहे की ज्याला पुढं नोकरीच करायची आहे त्यानं उन्हाळ्यात बाजार करावा, पण नजर या रस्त्यावर ठेवावी. जर्मनीत शिकाऊ मुलं आठवड्याचे काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत असतात. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी सोय म्हणजे आयटीआय आणि त्यानंतरची शिकाऊ उमेदवारी, ज्याला सगळे ‘अप्रेंटिस’ म्हणतात. १९६१ च्या कायद्यानुसार चौदा वर्षं पूर्ण झालेला अप्रेंटिस होऊ शकतो, धोक्याच्या उद्योगात अठरा लागतात. अठराच्या आत असेल तर करारावर पालकाची सही लागते. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. म्हणजे जळगावच्या एमआयडीसीतल्या किंवा धुळ्याच्या अवधानच्या मोठ्या कंपनीत गेटवर ‘काम आहे का’ विचारत उभं राहण्यापेक्षा, ‘तुमच्याकडे अप्रेंटिसच्या किती जागा आहेत’ हे ऑफिसात विचारणं शहाणपणाचं. २०१९ च्या नियमांत दहावी झालेल्याला महिना किमान सहा हजार आणि आयटीआय झालेल्याला सात हजार विद्यावेतन ठरलं होतं.

खानदेशातलं यातलं सगळ्यात मोठं ठिकाण भुसावळ. मध्य रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीत भुसावळचा स्वतंत्र गट असतो. तिथला इंजिनांचा कारखाना, इलेक्ट्रिक लोको शेड, डबे दुरुस्तीचा डेपो त्यात येतात. अट अशी : वय पंधरा ते चोवीस, राखीव प्रवर्गांना सवलत, दहावीला किमान पन्नास टक्के आणि मान्यताप्राप्त आयटीआय. लेखी परीक्षा नाही, मुलाखत नाही. दहावीचे आणि आयटीआयचे गुण यांची सरासरी काढतात आणि यादी लावतात. म्हणजे दहावीला ‘पास झालो, बास’ म्हणणाऱ्या पोराची जागा तिथंच गेलेली असते. अप्रेंटिस संपला की नोकरी लागतेच असं नाही. पण रेल्वेच्या सर्वांत खालच्या स्तराच्या भरतीत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांसाठी वीस टक्के जागा राखीव असतात. एसटी महामंडळ आणि महावितरणही अप्रेंटिस घेतात.

राज्य सरकारनं २०२४ मध्ये जाहीर केलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेला मात्र अठरा वर्षं पूर्ण लागतात. तिथं बारावीला सहा, आयटीआय-पदविकेला आठ आणि पदवीधराला दहा हजार असं विद्यावेतन ठरलं.

या कागदी रस्त्यावर पोरं अडकतात ती गुणांपेक्षा नावात. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुधा स्वतःचं नाव आधी. कुठं वडिलांच्या नावापुढं ‘भाऊ’ किंवा ‘राव’ लागलेलं असतं, कुठं ते गळलेलं. केंद्र सरकारचा विद्यावेतनातला वाटा थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतो, तेव्हा असली तफावत पैसे अडकवते. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख अक्षर-अक्षर ताडून पाहायला सुट्टीसारखी वेळ नाही. जातीचा दाखला लागणार असेल तर त्याचाही अर्ज तेव्हाच द्यावा. निकालानंतर सेतू केंद्रात रांग लागते.

आणि एक. नोकरीसाठी आधी पैसे भरायला सांगणारा माणूस नोकरी देणारा नसतो. सरकारी भरतीचं ठरलेलं शुल्क वेगळं, ते जाहिरातीत लिहिलेलं असतं आणि अधिकृत पोर्टलवरच भरायचं असतं. रेल्वे अप्रेंटिसचं शंभर रुपये असतं, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तेही माफ. ‘घरबसल्या व्हिडिओ लाइक करा, रोज हजार कमवा’ किंवा ‘तुझं खातं महिनाभर वापरायला दे, कमिशन देतो’ असे मेसेज हमखास दहावी-बारावीच्या पोरांना येतात. यातला दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण फसवणुकीचे पैसे त्या खात्यातून फिरतात आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. फसगत झालीच तर लगेच १९३० वर फोन करायचा. कामाच्या ठिकाणी मारहाण झाली, डांबून ठेवलं, तर मुलांसाठी १०९८ आहे, तो चोवीस तास चालू असतो.

काम सोडताना शेठकडून दुकानाच्या लेटरहेडवर दोन ओळी मागून घ्याव्यात : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत इथं काम केलं, सही, शिक्का. अप्रेंटिसला त्याचा उपयोग नाही, तिथं गुणच चालतात. पण पुढच्या दिवाळीत दुसऱ्या दुकानात जाताना हमी देणारा कोणी लागत नाही.