आधीं ताळेबंद, मग ताळमेळ

‘टु स्ट्राइक अ बॅलन्स’ हा इंग्रजी वाक्प्रचार आमच्या सुशिक्षित घरांतून वारंवार ऐकूं येतो. ‘दोन्ही बाजूंना थोडथोडें देऊन मधला मार्ग काढणें’ एवढाच त्याचा अर्थ बहुतेकांच्या मनांत असतो. मूळ अर्थ याहून कठोर आहे.

लॅटिन भाषेंत ‘बि’ म्हणजे दोन आणि ‘लांक्स’ म्हणजे ताटली. तेव्हां दोन पारड्यांचा तराजू हा ‘बॅलन्स’चा पहिला अर्थ. पुढें व्यापाऱ्यांच्या वह्यांत जमा व खर्च हींच दोन पारडीं झालीं, आणि त्यांच्यांतील फरकास, म्हणजे आपल्या ‘बाकी’स, तेंच नांव मिळालें. बाकी काढणें हा अर्थ आधींचा, तडजोडीचा मागाहूनचा. ‘ऑन बॅलन्स’ म्हणजे साधकबाधक पाहतां. ‘हँग इन द बॅलन्स’ म्हणजे टांगणीला लागणें. तराजू सर्वत्र एकच.

हा भेद किती मोलाचा, हें बीड जिल्ह्यांत पाहावें. तेथील हजारों कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेस ‘उचल’ म्हणतात. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’. ऊस काट्यावर चढतो, टनावारी मजुरी ठरते व ती उचलींतून वळती होते. उचल न फिटल्यास बाकी पुढील सालावर चढते. एक दिवस खाडा झाला, तर त्याचाहि दंड. अशा ठिकाणीं मधला मार्ग काय कामाचा? काटा खरा असावा आणि बाकी मजुरासमक्ष निघावी, हाच तेथील समतोल. शिवाय जोडीच्या हिशेबांत स्त्रीच्या शरीराला पडणारा भार कोणीच लिहीत नाहीं. या ऊसतोड स्त्रियांवरील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठीं २०१९ सालीं राज्य सरकारला समिति नेमावी लागली. न लिहिलेली बाकी अशी वसूल होते.

आमच्या एकत्र कुटुंबांतहि नोकरी करणाऱ्या सुनेस ‘बॅलन्स साध’ असा उपदेश सहज केला जातो. तिच्या पहाटेपासूनच्या कामाचा जमाखर्च मात्र कोणी मांडिलेला नसतो. एक पारडें झांकून ठेवून तोल कसा कळणार?

आपल्या भाषेंत ताळेबंद आणि ताळमेळ हे शब्द शेजारीं नांदतात. त्यांचा क्रम घरांतील वडीलधाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावा, एवढीच आमची विनंति.