जाहिरात झाली, माहिती राहिली

ईद जवळ आली की नांदेड-लातूरच्या बाजारात शुभेच्छांचे फलक लागतात, व्हॉट्सॲपवरही तेच. मालकाचा फोटो मोठा, दुकानाचे नाव त्याहून मोठे. पण माल कोणता, भाव काय, दुकान रात्री किती वाजेपर्यंत उघडे, याचा पत्ता नाही. गिऱ्हाईक शुभेच्छा घेते आणि खरेदी दुसरीकडे करते. आपल्या व्यापारी बांधवांनी आठवडाभर गल्ल्यावर वही ठेवावी, गिऱ्हाईक काय विचारते ते टिपावे. त्याच उत्तरांची जाहिरात करावी.

नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून यात्रेकरू येतात. मराठी फलकाखाली त्यांच्यासाठी गुरुमुखीत दोन ओळी लिहायला कितीसा खर्च?

उदगीरशेजारच्या बिदरचे बिदरी काम घ्या. विकणारा नुसते ‘उत्तम कलाकुसर’ लिहितो. जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्यावर नक्षी कोरून तीत चांदी ठोकून बसवतात. मग किल्ल्यातल्या मातीच्या लेपाने भांडे काळे पडते, चांदी मात्र तशीच चमकते. एवढे सांगितले की किंमत जास्त का, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरे टोक अतिशयोक्तीचे. लातूर जिल्ह्यातील बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आता कोणत्याही डाळीवर ‘बोरसुरी’ छापणे महागात पडेल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तूर ज्या गावची, त्याच गावाचे नाव पिशवीवर घालावे.